गप्प बसणारीच्या शेजारी

बदली होऊन रत्नागिरीला आले तेव्हा कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी माझं ख्रिस्ती नाव ऐकून प्रेमाने विचारलं, "मॅडम, तुम्ही गोव्याच्या का?" मी नगरची, घरी मराठीच बोलतो आणि शिकवतेही मराठीच, हे ऐकून त्यांचा जरा हिरमोड झाला. चांगला केक कुठे मिळतो हे मला ठाऊक असणारच, ही समजूत मात्र त्यांनी सोडली नाही. माणसं चांगली होती. पण नगरला आमच्या गल्लीत निम्मी घरं ख्रिस्ती. रविवारी बाहेर पडताना कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. इथे वर्गात, एसटीत, भाड्याच्या घराच्या जिन्यात, सगळीकडे मी एकटीच.

चर्चची मंडळी संख्येने लहान होती, आणि बहुतेक माझ्यासारखीच बदलीवर आलेली. कुणाशी जरा सूर जुळावा, तर जूनमध्ये त्याचा निरोप समारंभ. शाल, नारळ आणि "आपल्या मंडळीचा दीपस्तंभ" हे शब्द ठरलेले. रत्नागिरीला खराखुरा दीपस्तंभ आहे आणि तो आजवर एकदाही बदलून गेलेला नाही. आमचे मात्र पहिल्याच वर्षी दोन पुण्याला गेले.

दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी घरप्रार्थना असे. सगळे गोल बसत आणि एकेकाने क्रमाने मोठ्याने प्रार्थना करायची, अशी पद्धत. मराठीची शिक्षिका असल्यामुळे माझं लक्ष नको तिथे जाई. मंडळीचे चिटणीस देवाला पाच-सहा विशेषणं लावल्याशिवाय मुद्द्यावर येत नसत. एक बाई प्रार्थनेतून बातम्या देत. "प्रभो, पलीकडच्या ताईंच्या मुलाने मुंबईत काय केलं ते तू जाणतोसच," असं त्या म्हणत, आणि मग आम्हीही ते जाणत असू.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. अडचण माझी होती. आई आजारी असताना नगरला घरभर माणसं गुडघे टेकून, ती बरी होणारच, अशा खात्रीने प्रार्थना करत होती. मीही करत होते. आई गेली. तीच माणसं मग तितक्याच खात्रीने "देवाची इच्छा" म्हणाली. त्या दिवसापासून मला प्रार्थना येईना. डोळे मिटले की शब्दच नसत. देव नाही, असंही वाटत नव्हतं. एखाद्या घरात कुणीतरी आहे हे माहीत असावं आणि दार वाजवायला हात उठू नये, तसं काहीसं. हे सांगायचं कुणाला? कॉलेजात कळलं नसतं, मंडळीत कळलं असतं तर पुढच्या शुक्रवारच्या बातम्यांत आलं असतं.

पहिल्या घरप्रार्थनेत माझ्यापर्यंत क्रम आला आणि मी गप्प बसले. कुणी खाकरलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन," आणि लगेच स्वतःची प्रार्थना सुरू केली: "देवा, आजचा दिवस दिलास, आभारी आहे. उद्याचा बघ." तिची प्रार्थनाही तेवढ्यातच संपली.

निघताना चिटणीस मला म्हणाले, "मॅडम, होईल हळूहळू सवय."

"तिला कसली सवय?" म्हातारी चपला शोधत म्हणाली. "आपल्यालाच ओरडायची सवय लागलीय. देव काय बहिरा आहे?"

त्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. जन्म रत्नागिरीचा, नवरा कधीच वारलेला, मूल नाही, स्वभाव तिखट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरी माशाचं कालवण घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि माझी भांडी बघून म्हणाल्या, "ह्यात तू जेवण करतेस की प्रयोग?" मग दर शनिवारी येऊ लागल्या. मी का गप्प बसले, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. म्हणूनच बहुधा मी सांगितलं. आरे-वारेच्या समुद्रकिनारी एका बांधावर बसून आम्ही शेंगा खात होतो. मला वाटलं, आता बायबलातलं एखादं वचन ऐकावं लागणार.

सिस्टरांनी टरफलं पदरात गोळा केली. "आमच्यात कसं असायचं? एखादीच्या घरी काय झालं, तर दुसरी तिची ड्युटी करायची. पेशंट काय तसाच ठेवायचा? तुझ्या वाटची प्रार्थना मी करते. जमेल तेव्हा घे."

"आणि जमलंच नाही तर?"

"तर करत राहीन. माझी कुठे बदली होणाराय?"

आणि खरंच करत राहिल्या. शनिवारी पिशवी खाली ठेवता ठेवता "झालं गो तुझं" म्हणत, जणू माझं लाइटबिल भरून आल्यात. घरप्रार्थनेला माझ्या शेजारची जागा सोडत नसत. अशी काही वर्षं गेली. चर्चचे दोन पाळक बदलले, कितीतरी दीपस्तंभ गेले. मी गप्पच होते, पण एकटी नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग मागच्या वर्षीचा तो शुक्रवार. सिस्टर बहिणीकडे दाभोळला गेल्या होत्या, दुपारपर्यंत परतणार होत्या. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही, फोन बंद. मी घरप्रार्थनेला गेले ती त्या तिथे असतील या आशेने. शेजारची खुर्ची रिकामी होती. क्रम माझ्यापर्यंत आला. चिटणीस सवयीने पुढच्या माणसाकडे वळलेसुद्धा. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"देवा, सिस्टर अजून आल्या नाहीत. फोन लागत नाही. त्यांचं वय झालंय आणि त्या कुणाचं ऐकत नाहीत. त्यांना नीट घरी आण. मला दुसरं कुणी नाही."

कुणी खाकरलं नाही. बातम्या देणाऱ्या बाई आधी "आमेन" म्हणाल्या, मग सगळे.

पोह्यांच्या बशा फिरत असताना सिस्टर आल्या. त्यांच्याआधी पिशवीतल्या सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा वास आला. फेरीबोट चुकली, मग गुहागरहून सुटणारी एसटी गेली, चार्जर बहिणीकडे राहिला, हे त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

"सिस्टर, आज मॅडमनी प्रार्थना केली! तुमच्यासाठी!" चिटणीस म्हणाले.

"काय म्हणाली?"

त्या भल्या गृहस्थाने एकही विशेषण न घालता शब्दन् शब्द सांगितला.

"अगो, एवढी वर्षं गप्प बसलीस," सिस्टर माझ्याकडे वळल्या, "आणि तोंड उघडलंस ते देवाकडे माझी चुगली करायला?"

सगळे हसले. मी रडत होते, त्यामुळे मला नीट हसता आलं नाही. त्या खुर्चीत बसल्या, माझ्याच बशीतले पोहे खाऊ लागल्या आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून दिला. पोहे संपेपर्यंत तो तिथेच होता.

आता माझी प्रार्थना मी करते. रोज जमतं असं नाही. जमलं नाही की त्यांना सांगते, आणि त्या "बरं" म्हणतात.