ऐंशी किलोचा ड्रायव्हर

माझे चुलते भाऊसोकाका शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं शॉकअपचं काम करतात. आपलं माप चुकलं, असं त्यांनी कधी कबूल केलेलं नाही. रेससाठी प्लास्टिकचे कोन मांडलेल्या मैदानात मी गाडी पळवते, तिचे शॉकअप कमी-जास्त करता येतात. काल काकांनी पाणी भरलेले दुधाचे दोन कॅन ड्रायव्हरच्या जागी ठेवले आणि त्या वजनावर चारी चाकांवर गाडीची उंची लावली.

आज पहिल्याच फेरीत उजव्या वळणावर गाडी बाहेर फेकली गेली. दुसऱ्या फेरीला दहा मिनिटं होती.

"स्टेअरिंग झटक्यात मारतीस," काका खेकसले.

"कॅन किती किलोचं हुतं?"

"ऐंशी. ड्रायव्हरएवढं."

"मी अठ्ठेचाळीस हाय, काका."

काका हळूच म्हणाले, "राजवर्धनचं धरलं हुतं."

राजवर्धन माझा नवरा. त्याला गाडी रिव्हर्ससुद्धा धड घेता येत नाही. आणि मागच्या पाची रेसमध्ये काकांनी कडेला उभं राहून मलाच चालवताना बघितलंय.

ते पाना घेऊन अंदाजानं पिळायला वाकले. मी दार उघडून सीटवर बसले.

"आता मापा," म्हटलं.