आबांची विहीर

पुण्याहून जळगावला निघालो तो केवळ भरीत खायला. एवढ्या उदात्त हेतूने निघालेल्या माणसाला मेहुण्याने दुसऱ्या दिवशी जामनेरच्या एस.टी.त कोंबलं. वाटेतल्या एका गावात जत्रा होती आणि जत्रेत 'मौत का कुआ' होता, फळ्यांची उभी विहीर. तिच्या आतल्या भिंतीवरून माणसं गाड्या फिरवतात आणि आपण वरून टाळ्या वाजवतो.

तंबूबाहेर खाटेवर सत्तरीचे आबा बसले होते. "तलाठी भाऊ, कोठेन उनात?" (कुठून आलात?) त्यांनी विचारलं. मी तलाठी नव्हतो आणि त्यांच्यापासून हातभरावर होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

शेव-मुरमुऱ्यांबरोबर घराण्याचा इतिहास मिळाला. वडिलांनी विहिरीत सायकल फिरवली, आबांनी मोटरसायकल, मुलाने फियाट. हाडं सगळ्यांचीच मोडली. आबा ती पदकांसारखी दाखवत होते. पण मुलगा आठवड्यापूर्वी जळगावच्या पाइप कारखान्यात चिकटला होता. पाइप सरळ असतो, त्यात पडायची सोय नाही, असं आबांचं मत. म्हणून आज फियाट ते स्वतः चालवणार होते.

हे ऐकून मी मुरमुरे खाली ठेवले. तेवढ्यात त्यांची मुलगी शोभा आली. ती मोटरसायकल चालवायची, फियाटला मात्र आबा तिला हात लावू देत नसत. तिने पुढ्यात हात पसरला.

"आबा, तुमी वर उभा ऱ्हा. आज मी चालाडसू." (मी चालवीन.)

आबांनी कनवट चाचपली. मग तिथली किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

आम्ही वर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच आबा प्रेक्षकांत उभे होते. खाली फियाट गुरगुरली, तिरक्या फळ्यांवर चढली आणि भिंतीला चिकटून फिरू लागली. अख्खी विहीर हलत होती. आबांनी माझं मनगट असं आवळलं की माझ्या घड्याळाची काच तडकली. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी हातभर खाली घसरली. बायका किंचाळल्या. मग आवाज पुन्हा चढला, गाडीही चढली.

शोभा घामाघूम वर आली. कौतुकाऐवजी आबा म्हणाले, "तिसरा फेराले गाडी खाले उनी."

"आबा, तुमचे डोळे तर मिटलेले होते," मी म्हणालो.

"डोया मिटेल व्हतात. कान उघडा व्हतात." मग ते माझ्याकडे वळले. "आते गाडी तिनी शे." (आता गाडी तिची.) शोभाने पदराने तोंड पुसलं, घामच पुसत होती, असं मी मानून घेतलं.

परतीच्या एस.टी.त मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो होतो. आमच्या घराण्याने तीन पिढ्या कारकून दिले. खुर्चीवरून पडून एकाचंही हाड मोडलेलं नाही. हे मी आजवर अभिमानाने सांगत आलो होतो.