तारेवरचा चिमणा

वीज कंपनीत त्याला सगळे चिमणा म्हणत. चालू तारेला चिकटून जिवंत राहणारे जीव दोनच, चिमण्या आणि तो. हेलिकॉप्टरच्या बाहेर जोडलेल्या फळीवर बसून, धातूच्या धाग्यांचा पोशाख घालून, तो वीज बंद न करता उच्चदाबाच्या तारा दुरुस्त करी. हेलिकॉप्टर त्याचा साडू चालवी. साडूने यंत्र हवेत वीतभरही हलू द्यायचं नाही आणि चिमण्याने हात थरथरू द्यायचा नाही, एवढ्या करारावर दोघांची हयात गेली होती.

सोमवारी साहेबांनी त्याला फळीवरून उतरवून गोदामात बसवलं. कायमचं. "तुझा हात थरथरतो, असं पायलटच म्हणतोय."

साडू हेलिकॉप्टरची काच पुसत होता.

"माझा हात कधी थरथरला रे?"

"कधीच नाही."

"मग केसाने गळा का कापलास?"

"तुझ्या बायकोनं सांगायला लावलं. रडली, पाया पडली. मेहुणीला किती वेळा नाही म्हणणार?"

"आणि तू उडतच राहणार?"

"माझी बायको धीट आहे."

घरी बायकोने चहा दिला. चिमण्याने कप काठोकाठ भरून घेतला आणि हात लांब करून तिच्यासमोर धरला. थेंबही सांडला नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हात थरथरला असता, तर तुम्ही आपणहून उतरला असता. म्हणून तर खोटं सांगावं लागलं."

चहा निवला तरी त्याने हात खाली घेतला नाही.