भांड्यावरचं माहेर

...आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, तुला न्हाय कळायचं, युरोपचं राजकारण हाय ते." चौथी शिकले म्हणून काय झालं? काल तासभर फोनवर रडगाणं कोण गात होतं?

हा संदीप, माझा भाचा, जर्मनीत नोकरीला असतो. तिकडं 'बाहेरच्यांना हाकला' म्हणणाऱ्या पक्षाची मतं वाढायला लागलीत. याच्या शेजारची म्हातारी याची पार्सलं घरात घेऊन ठेवते, सणाला केक देते... तिनंही मत त्यांनाच दिलं. तर यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. म्हणे, लोक येडे झालेत.

येडे न्हायत रे, संदीप. मी बघितलंय हे.

ऐंशीच्या पुढचा दुष्काळ. मी परकर-पोलक्यात होते. ढोकीजवळचं आमचं गाव, टँकरचं पाणी, हंडे-घागरींची ही लांब रांग. साखर कारखान्यामुळं बाहेरची बिऱ्हाडं गावात आलेली. त्यात दूध सोसायटीची निवडणूक. जुने चेअरमन जीपमधून खाली उतरायचे न्हाईत. त्यांच्या विरोधातला भगवानअण्णा मात्र रोज रांगेत उभा. "आधी गावाच्या घागरी, मग उपऱ्यांच्या," म्हणायचा. सगळ्यांना पटलं. माझ्या आईलाही.

एक दिवस अण्णानं कामालाच हात घातला. ज्या भांड्यावर दुसऱ्या गावाचं नाव, ते बाजूला... वाशीचं बाजूला, तुळजापूरचं बाजूला, ईटचं बाजूला. बघता बघता रांगेत उरले चार पत्र्याचे डबे.

अरे, भांडी सगळी रुखवतातली. नाव माहेरचंच असणार ना? ईटचा तो हंडा माझ्या आईचा होता. आणि तुळजापूरची घागर खुद्द अण्णाच्या आईची. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी बी निघू का रं, भगवान? सांजच्याला चुलीपाशी तूच बस."

टँकरवालासुद्धा हसला. अण्णाही हसला बिचारा. आपल्या हातानं भांडी परत लावायला लागला, घाईत गावाची-उपऱ्यांची सगळी मिसळली. त्या दिवशी पाणी सगळ्यांना मिळालं.

पण पुढचं ऐक. निवडून अण्णाच आला. मत वडलांच्या नावावर होतं, पण आईनंच त्यांना बजावलेलं. मी विचारलं, हंडा बाजूला काढला तरी? तर म्हणाली, "रांगेत तोच उभा राहिला. दुसरं कोण आलं होतं?"

तुझ्या जर्मनीतल्या रांगेत कोण उभं राहतं, कोण जीपमधून उतरत न्हाय, मला काय ठाऊक. तुझ्या शेजारच्या म्हातारीला ठाऊक असणार.

शंकरपाळ्या पाठवल्यात. पत्ता मुद्दाम तिच्या दाराचा टाकलाय, म्हणजे घ्यायला जावंच लागंल. निम्म्या तिला दे. लई छान झाल्यात यंदा, खुसखुशीत. खाता खाता नीट विचार, बाई, मत का दिलं? मधी बोलू नको.

रविवारपर्यंत उत्तर पाहिजे मला. तिचं... तुझं नको.