डाव्या अंगठ्याचा अर्ज

सरकारी वसाहतीतल्या इस्त्रीवाल्या मावशीला अख्खी इमारत दबकून असायची. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून! एकटीच एका खोलीत राहायची. तिथे एका सकाळी लेक आली, सुजलेला डोळा आणि मोडलेलं मनगट घेऊन. नवऱ्याने मनगट दाराच्या फटीत घालून दार लोटलं होतं.

"आता इथंच राहायचं," मावशी म्हणाली.

म्हणायला काय जातं! वसाहतीच्या कचेरीत कळलं, खोलीत नवं माणूस घालायचं तर अर्जावर त्याच्या आधीच्या घरप्रमुखाची सही नाहीतर अंगठा हवा. बिननोंदीचा पाहुणा फक्त चौदा दिवस. पंधराव्या दिवशी खोलीच जाते.

"म्हणजे ज्या मेल्याने हात मोडला, त्याचीच सही?"

"नियम आहे, मावशी," कारकून म्हणाला.

तेराव्या दिवशी जावई आपल्या पायांनी आला. लाथेने दार उघडलं, लेकीचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त बघून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात तापलेली इस्त्री होतीच. केस धरलेल्या त्या मुठीवर तिने ती दाबली, आणि दाबूनच धरली. कातडी चरचरली, लेकीचे केसही जळले. जावई गुरासारखा ओरडत खाली कोसळला.

मग मावशीने कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, सही करायचा हातच जाळला की! पण ती हटणारी नव्हती. त्याच्या छातीवर बसली, इस्त्री कानाशी नेली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करायची काळी शाई ओढली आणि त्याचा डावा अंगठा अर्जावर उठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचं नाव चढलं. दुपारी जावई पट्टी बांधलेला हात घेऊन कचेरीत हजर. कारकुनाने मावशीला बोलावून वही उघडली. वसाहतीत मारामारी करणाऱ्याचं नाव कायमचं कमी, खोली तिच्या नोंदीतल्या दुसऱ्या माणसाची, म्हणजे लेकीची.

"आणि यानं माझ्या पोरीचं डोकं फोडलं ते?"

"तो वसाहतीतला नाही. त्याला आमचा नियम लागत नाही."

मावशी घरी येऊन कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली. लेक रडत म्हणाली, "आई, पाहुणी म्हणून चौदा दिवस तरी राहा गं."

"राहते," मावशी म्हणाली, आणि लेकीच्या धडक्या हातात इस्त्री दिली. "तेवढ्यात तुला ही धरायला शिकवते."