तीर्थासाठी लावलेला कौल

माझा स्वभाव संशयी. मालवणच्या बाजारात मासळी विकण्यात जन्म गेला. कुणी विनाकारण गोड बोललं की मी कान टवकारायची. गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट. होडीवर असतानाच ह्यांना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. जीव वाचला, पण वाचा गेली. काही पाजलं की ठसका, मग ताप, छातीत घरघर. मी रोज सकाळी देवीचं तीर्थ निजल्या जागीच त्यांच्या तोंडात घालायची. मला तेवढाच आधार होता.

दवाखान्यातली नर्स वेंगुर्ल्याकडची, क्रिस्तांव म्हणजे ख्रिस्ती. घरी येऊन ह्यांचे हातपाय हलवून द्यायची, पाठीला जखमा झाल्यात का बघायची. न बोलावता येते म्हणजे हिच्या मनात काहीतरी असणार, असं मला सारखं वाटे. एकदा तिने मला तीर्थ घालताना पाहिलं.

"काकी, तेंका पातळ पाजू नको. पाणी छातीत उतारता, म्हणान ताप येता. पेज घट कर, बसवन भरव."

"आणि तीर्थ?"

"तांय पाणीच गो."

माझं डोकंच फिरलं. मला देवीपासून तोडायचा हिचा डाव कळला, म्हटलं. पण त्या आठवड्यात ताप असा चढला की मी घाबरले. तीर्थ थांबवलं तर देवी कोपेल, आणि घातलं तर माझ्याच हातून हे जातील की काय?

शेवटी देवळात कौल लावायला गेले. गुरवाच्या गुडघ्याला त्याच नर्सचं औषध चालू होतं, म्हणून त्याच्यावरही माझा भरवसा नव्हता. "मनातला आसा, तू गाऱ्हाणा घाल," एवढंच मी त्याला सांगितलं. त्याने देवीला ओल्या पाकळ्या लावल्या. मी मनात विचारलं, आई, तुझं तीर्थ थांबवू? उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मी पुन्हा लावायला लावलं. पुन्हा उजवीच.

"देवीवर तरी विश्वास ठेव गो!" गुरव वैतागला.

मी तिथेच रडले. पाकळी ओली होती, कुठेतरी पडणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या माणसासाठी देवीने आपलंच तीर्थ मागे घेतलं होतं. हट्ट तिचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या दिवशी तीर्थ ह्यांच्या डोळ्यांना लावलं. नर्स आली तशी घट्ट पेजेची वाटी मीच तिच्या हातात दिली. तिने ह्यांना टेकून बसवलं आणि चमचा ओठांशी नेला. ह्यांनी घास गिळला. मी ठसक्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. मी हात जोडले, ते दोघींनाही.