चाचीच्या अंगणातली तार

वीज मंडळातल्या नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. औरंगाबादजवळ नवे कारखाने उभे राहत होते. त्यांच्यासाठी गंगापूरच्या बाजूनं आम्ही उच्च दाबाची लाइन ओढली होती. वाटेतल्या गावांना मात्र तिच्यातून एक दिवाही मिळणार नव्हता. लोक मनोऱ्यांखालून बैलगाड्या हाकत घरी जायचे आणि रॉकेलच्या चिमण्या लावायचे.

लाइन चालू झाल्यावर थोड्याच दिवसांत एक बाई तक्रार घेऊन आली.

"आमच्या सासूला तार चावती साहेब. आन् तरी ती तार सोडत बी नाय."

मी तिच्यासोबत गेलो. घर लाइनच्या अगदी कडेला होतं. अंगणात दोन लाकडी खांबांना धुणं वाळत घालायची लांब तार बांधलेली. वरून सारखी घूं घूं ऐकू यायची. सासूला सगळं गाव चाची म्हणायचं. भर दुपारी ती तार दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून उभी होती. मी तारेला टेस्टर लावला. त्यातला बारीक दिवा तांबूस पेटला.

"चाची, हात काढा."

"थांब लेकरा. त्यानं हात धरलाय."

सून मला बाजूला घेऊन हळूच बोलली. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत सासरे शेजारच्या गावाला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. ना मय्यत मिळाली, ना कबर झाली.

मी चाचीला समजावलं. वरच्या लाइनमुळं या तारेत थोडी वीज उतरते, बाकी काही नाही. मग जमिनीत सळई ठोकून तारेला अर्थिंग केलं. चाचीनं पुन्हा तार धरून पाहिली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडं न बघताच आत गेली.

दोन महिन्यांनी दुरुस्तीसाठी त्या टप्प्यात लाइन बंद ठेवली होती. सकाळपासून तारा मुक्या होत्या. काम आटोपून मी त्या घरावरून चाललो होतो, तर चाची तशीच उभी. तार धरलेली, डोळे मिटलेले.

"आज कशाला चाची? आज तर लाइनच बंद हाय."

"म्हणून तर आला," ती म्हणाली. "म्हनला, आवाज लई होता, घर घावत नव्हतं."

मी टेस्टर लावला. काहीच नाही. अर्थिंग जागच्या जागी होतं. शेवटी मी स्वतः तारेवर हात ठेवला. वैशाखातलं ऊन होतं, तार हाताला पोळायला हवी होती. ती गार होती, जरा ओलसर, नुकत्याच धुतलेल्या हातासारखी. मी हात काढून घेतला आणि उगाच विजारीला पुसला.

लाइन चालू करायला माझ्या निरोपाची वाट होती. काम संपलंय, एवढंच सोबतच्या वायरलेसवर कळवायचं होतं. मी मनोऱ्याच्या सावलीत बसून राहिलो. पाऊण तास बसलो. तिकडं कारखान्यांतली यंत्रं थांबलेली असणार, हे कळत होतं, तरी उठवेना. मग उठलो आणि निरोप दिला. वरची घूं घूं सुरू झाली तशी चाचीनं तार सोडली.

"उशीर का झाला?" आमच्या साहेबांनी नंतर विचारलं.

"नट बसत नव्हता," मी म्हणालो.

पुढं माझी बदली झाली. त्या गावाला वीज आली आणि सुनेनं मीटर घेतला, असं एकदा एका वायरमनकडून कळलं. चाचीबद्दल मी त्याला विचारलं नाही.